मोसमचा अर्धा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. पण मित्रांनो, दरवाजा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे येतो तसा मी नाही. मला कडी नाही, कुलूप नाही. मी अर्धाच आहे. खाली जमिनीपासून तीन फूट मोकळं, वर माणसाचं डोकं दिसेल इतकं मोकळं, आणि मधे दोन फळ्या, आतही झुलणाऱ्या आणि बाहेरही.

माझ्यासारख्या दरवाजांना त्या काळी एकाच प्रकारच्या दुकानात काम मिळे. रस्त्यात ते दुकान आलं की तुमची आई तुमचा हात जरा घट्ट धरते आणि तुम्हाला पलीकडच्या बाजूने नेते. ती बरोबरच करते. मीही तुम्हाला तिकडे बोलवायला आलेलो नाही. मला फक्त एक गोष्ट सांगायची आहे. ती मी इतकी वर्षं कोणाला सांगितली नाही, कारण त्या गोष्टीत माझी चूक आहे असं मला वाटतं.

माझा जन्म एक्याण्णव साली नाशिकच्या सिडकोत झाला. पेठ तालुक्यातल्या पुंजा मिस्त्रीने मला सागाच्या लाकडातून घडवलं. मालक होते गोटीराम शेट. ते मूळचे नामपूरचे. गावच्या नदीच्या नावावरून त्यांनी आपल्या परमिट रूमचं नाव ठेवलं होतं 'मोसम'. परमिट रूम म्हणजे मोठ्या माणसांनी बसून दारू प्यायची परवानगी असलेली जागा. माझं माप बघून शेट म्हणाले, "खाली एवढं उघडं कशाला, मिस्त्री? कुत्री येतील."

पुंजा रंधा मारता मारता म्हणाला, "कुत्रं आलं तं हाकलता येतं, शेट. कोंडलेला वास हाकलता येत नाय."

अशी माझ्या पायाखाली तीन फूट मोकळी जागा राहिली. ती कुत्र्यांसाठी नव्हती आणि वासासाठीही नव्हती, हे आम्हाला नंतर कळलं.

मोसममध्ये सात टेबलं होती. वर दोन पंखे, त्यातला एक कुरकुरणारा. अंबडच्या कारखान्यांचा भोंगा झाला की तासाभरात टेबलं भरत. सगळे एकमेकांच्या ओळखीचे. कोणाच्या मुलीसाठी स्थळ बघायचं, कोणाला रक्त द्यायचं, गणपतीचा मांडव यंदा कुठे घालायचा, हे सगळं तिथेच ठरे. दारू वाईटच. पण त्या खोलीत कोणी अनोळखी नव्हतं, हेही खरं. वाढायला काळू होता. तो सुरगाण्याकडचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. आणि माझ्या बाहेरच्या अंगाला, पायरीशेजारी, लंकाबाईची हातगाडी. उकडलेली अंडी, फुटाणे, खारे शेंगदाणे. लंकाबाई कमी बोलणाऱ्यांतली नव्हती.

आता त्या तीन फुटांबद्दल सांगतो.

आमच्या वस्तीतल्या बायका मोसममध्ये पाऊल टाकत नसत. नवऱ्याला बोलवायचं असलं तरी नाही. रस्त्यावरून त्याच्या नावाने हाक मारणं तर त्याहून अवघड. मग त्या चौकात दुकानाच्या आडोशाला उभ्या राहत आणि लेकराला पाठवत. लेकरू माझ्याखालून, मला हात न लावता आत येई. पहिल्या टेबलापाशी थांबून म्हणे, "बाबा, आईने बोलावलंय." आणि गोटीराम शेटनी नियम केला होता. पोर आलं की त्या माणसाचा ग्लास खाली. मग तो भरलेला असो की अर्धा. त्याला पुन्हा काही मिळायचं नाही.

"आलोच" असं कोणी म्हटलं की शेट गल्ल्यावरून ओरडत, "आलोच नई! पोर उनी, गिलास खाले!" शेटना राग आला किंवा प्रेम आलं की त्यांची भाषा अशी अहिराणी होई.

या नियमामुळे मोसमचं नाव झालं. "तेवढं एक हॉटेल बरं आहे बाई, माणूस परत तरी येतो," असं बायका म्हणत. आणि त्यातलं निम्मं कौतुक माझं असे. माझ्याखालून लेकरू गेलं नसतं तर नियम चालला कसा असता? मी मनातून फुगत असे. दुसऱ्या कुठल्या दरवाजाने इतकी माणसं घरी पोचवली असतील?

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात अपूर्वा पहिल्यांदा आली. बालवाडीतली, माकडटोपी घातलेली. टोपीचा गोंडा माझ्या खालच्या कडेला घासला. ती थांबली. गोंडा नीट आहे ना ते चाचपून पाहिलं, मग हाक मारली.

तिचे वडील उपेंद्र अंबडच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये कारकून होते. हसरे, गोष्टीवेल्हाळ. दोन ग्लास घ्यायचे आणि कंपनीतल्या साहेबांच्या नकला करायच्या, एवढाच त्यांचा कार्यक्रम. त्यांच्या टेबलावरचे मित्र देवव्रत बँकेत होते. मुलगी दिसताच देवव्रत म्हणाले, "जा रे बाबा, तुझं वॉरंट आलं."

उपेंद्र उठले. मुलीला खांद्यावर घेतलं आणि माझ्यापाशी आल्यावर खूप खाली वाकले, तिचं डोकं लागू नये म्हणून. बाहेर तिची आई, उत्तरा, चौकातल्या किराणा दुकानापाशी उभी होती. बी.ए. झालेली, नाकासमोर चालणारी, आणि सतत कसली तरी काळजी करणारी बाई. मुलीने रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहिलं का, टोपीची गाठ सुटली का, आतून यायला दोन मिनिटांच्या वर लागली का, हे सगळं ती तिथून बघे. तिने मुलीला पक्कं शिकवलं होतं. "दरवाजाला हात लावायचा नाही. खालून जायचं, हाक मारायची, परत यायचं. कोणी शेंगदाणे दिले तरी घ्यायचे नाहीत."

"माझे घेतले तर काय व्हतंय?" लंकाबाई एकदा तिला ऐकू जाईल असं म्हणाली.

"तुमचे चालतील, मावशी. आतल्यांचे नकोत," उत्तरा चौकातूनच म्हणाली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं सुरू झालं.

आधी अपूर्वा आठवड्यातून दोनदा येई. मग तीनदा. पहिलीत गेल्यावर रोज, बरोबर साडेसातला. उपेंद्रना त्याची सवय झाली. इतकी की ते घड्याळ बघेनासे झाले. देवव्रत म्हणत, "निघू या का?" तर उपेंद्र म्हणत, "अरे, अजून वॉरंट कुठे आलंय?" आणि तिसरा ग्लास मागवत. मुलगी आली की मात्र लगेच उठत. सगळे म्हणत, मुलीवर किती जीव आहे बघा. मीही तेच म्हणे.

मित्रांनो, त्यात एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. आपल्या मनाने उठायचं कसं, हे तो माणूस विसरत चालला होता.

आणि अपूर्वा वाढत होती. दुसरीत ती मान वाकवून येऊ लागली. तिसरीत कमरेत वाकून. चौथीत तिला दप्तर बाहेर लंकाबाईच्या गाडीशी ठेवावं लागे. एके संध्याकाळी ती आत आली आणि वडिलांना हाक मारण्याआधी काळूपाशी गेली.

"काळूकाका, हा दरवाजा थोडा वर नाही का होत?"

"कशाला गं?"

"माझं डोकं लागतं."

"मंग वाकायचं."

"वाकतेच आहे. पण पुढच्या वर्षी मावणार नाही. आई म्हणते मी उंचीला बाबांवर गेले." मग तिने विचारलं, "मी नाही मावले तर बाबांना कोण बोलावणार?"

काळूच्या हातात रिकामे ग्लास होते. ते टेबलावर ठेवून त्याने माझ्या बिजागऱ्यांकडे पाहिलं.

दोन ऑक्टोबरला मोसम बंद असे. त्या दिवशी काळू पेचकस घेऊन आला. लंकाबाईने माझी एकेक फळी धरली आणि काळूने बिजागऱ्या काढून मला चार बोटं वर बसवलं. लाकडात नवी भोकं पडली. दुखलं, पण अभिमान इतका वाटला की काय सांगू! एका लेकरासाठी कोणी दरवाजा वर उचलला असेल असं मी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेटनी माझ्याकडे पाहिलं, काळूकडे पाहिलं आणि गल्ल्यावर जाऊन बसले.

अपूर्वाला त्यामुळे आणखी एक वर्ष मिळालं. तेवढंच. पाचवीत ती पुन्हा ओणवी होऊन येऊ लागली. शाळेचा स्कर्ट एका हाताने सावरायचा, दुसरा हात जमिनीवर टेकवायचा. मला हात लावायचा नाही हा आईचा शब्द तिने एकदाही मोडला नाही. घरी ती खांदे पाडून चालू लागली होती, असं नंतर उत्तरानेच लंकाबाईला सांगितलं. "सरळ उभी राहा गं म्हटलं तर म्हणते, नको. मला कुठे माहीत होतं ती कशाला भीत होती!"

त्या वर्षी एके संध्याकाळी दारालगतच्या टेबलावर बाहेरगावचे चौघे बसले होते. अपूर्वा खालून येत असताना त्यांतला एक म्हणाला, "अरे वा! इथे आता पोरीपण यायला लागल्या का?" बाकीचे हसले.

अपूर्वा तशीच थांबली, अर्धी माझ्याखाली. मग गुडघ्यांवरच मागे सरकली आणि निघून गेली. तिने हाक मारलीच नाही.

गोटीराम शेट गल्ल्यावरून उठले. इतक्या मोठ्या देहाचे गृहस्थ, पण एवढ्या चपळाईने उठलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "निंघ आठून," ते त्या माणसाला म्हणाले. "तुनासारखं गिऱ्हाईक नको माले." चौघेही गेले. मग ते उपेंद्रच्या टेबलापाशी आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "उपेंद्रभाऊ, पोर मोठी झाली. उद्यापासून पाठवू नका."

उपेंद्रचा चेहरा उतरला होता. "नाही पाठवणार," ते म्हणाले. "मी उठेन ना वेळेवर. मला काय घड्याळ कळत नाही?"

दुसऱ्या दिवशी साडेसात वाजले. उपेंद्रनी माझ्या पायाखाली पाहिलं. पावणेआठला पुन्हा पाहिलं. आठ वाजले. देवव्रत उठून गेले. उपेंद्र बसून राहिले. शेटचा नियम पोर आल्यावरचा होता. पोर आलंच नाही तर काय, याला नियम नव्हता. काळूने ग्लास भरला. मग आणखी एक. मी दोन्ही बाजूंना झुलतो, मित्रांनो, पण आपला आपण नाही झुलत. कोणीतरी ढकलावं लागतं. त्या टेबलावरचा माणूसही माझ्यासारखाच होऊन बसला होता.

असं एक वर्ष गेलं, दोन गेली. नकला बंद झाल्या. देवव्रतही टेबल बदलून बसू लागले. चांगले मित्र होते, पण रोज रोज किती सांगणार?

आणि मग ती संध्याकाळ आली. तिच्यासाठीच मी हे सारं सांगायला बसलो आहे.

अपूर्वा सातवीत होती. सगळ्या शाळांच्या वक्तृत्व स्पर्धेत ती पहिली आली होती. बक्षीस समारंभ गंगापूर रोडच्या एका सभागृहात, संध्याकाळी सात वाजता. उपेंद्रनी आठवडाभर सगळ्यांना सांगितलं होतं. त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून कामावर गेले होते. परस्पर घरी जायचं, तिथून तिघांनी रिक्षाने निघायचं, असं ठरलं होतं. पण साडेपाचला ते माझ्यातून आत आले. "दहाच मिनिटं," ते काळूला म्हणाले. "आज आनंदाचा दिवस आहे."

सव्वासहा वाजले. आणि माझ्या बाहेरच्या बाजूला दोन पाय येऊन उभे राहिले. निळ्या काठाची साडी, नव्या चपला. उत्तरा. इतक्या वर्षांत ती चौकाच्या अलीकडे कधी आली नव्हती. आज थेट पायरीपाशी आली होती, माझ्यापासून एका हातावर.

आतल्या सगळ्यांना ते पाय दिसले. गोटीराम शेटना दिसले. ते उठून म्हणू शकले असते, "भाऊ, वहिनी आल्यात." पण एका चांगल्या घरच्या बाईचं नाव परमिट रूममध्ये मोठ्याने घ्यायचं, चारचौघांत तिच्या नवऱ्याला खाली बघायला लावायचं, हे त्यांना बरं दिसेना. त्यांनी तोंड फडताळाकडे फिरवलं आणि बाटल्या पुसू लागले. शेजारच्या टेबलावर देवव्रतनी वर्तमानपत्र उचललं. काळू मोरीकडे गेला. सगळी भली माणसं. सगळ्यांनी भलेपणाने न पाहिल्यासारखं केलं.

आणि उपेंद्र? त्यांनीही ते पाय पाहिले. ओळखले. चपला त्यांनीच आणल्या होत्या. ते ग्लास धरून त्या पायांकडे बघत राहिले.

बाहेर लंकाबाई म्हणाली, "अगं, ढकल ना दार. निस्तं बोट लावलं तरी उघडतंय."

"नको, मावशी," उत्तरा म्हणाली. "त्यांनी पाहिलंय मला. उठतील."

"हाक तरी मार."

"उठतील हो. आज उठतील."

आत उपेंद्र हाक यायची वाट बघत होते. बाहेर उत्तरा ते उठायची वाट बघत होती. आणि मधे मी होतो. एवढ्याशा वाऱ्यानेही मी हलतो, पण त्या दिवशी वाराच नव्हता. मला नुसतं हलता आलं असतं, नुसती बिजागरी वाजली असती, तरी कदाचित दोघांपैकी एकाचा धीर झाला असता. मी जागचा हललो नाही.

साडेसहा झाले. ते पाय वळले. दोन पावलं जाऊन थांबले, मग चौकाच्या दिशेने भरभर गेले.

आत उपेंद्र खूप वेळाने देवव्रतना म्हणाले, "मला वाटलं, ती हाक मारेल."

देवव्रतनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "आणि हाक मारली नाही तर उठायचं नाही, असं कुठे लिहिलंय, उपेंद्र?"

काळू बाहेर गाडीपाशी येऊन उभा राहिला, तर लंकाबाई त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "पोरीसाठी दार उचलायला आपण दोघं लागलो, काळूभाऊ. त्या माणसाला उठवायला एकजण पुरला असता. पण त्याच्याकडं कोणाचं ध्यानच नाय गेलं."

मित्रांनो, त्या क्षणी माझा सगळा फुगा फुटला. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी लेकरांना आत सोडतो म्हणून मी चांगला. पण मोठ्या माणसांनी करायचं काम लेकराच्या डोक्यावर ठेवायची सोय माझ्यामुळे झाली होती. मी जमिनीपर्यंत असतो तर निदान कोणीतरी मोठं माणूस हिंमत करून मला ढकलून आत आलं असतं. त्या संध्याकाळी अपूर्वाने बक्षीस घेतलं तेव्हा टाळ्या वाजवायला आई एकटीच होती. पहिल्या रांगेतली तिसरी खुर्ची आईने शेवटपर्यंत पर्स ठेवून अडवून धरली होती म्हणे.

पुढे सगळंच बदललं. सिंहस्थाच्या आधी रस्ते रुंद झाले, माझ्यापुढची पायरी गेली. सिडकोत मोटारी वाढल्या, मोबाइल आले. गोटीराम शेट थकले आणि त्यांचा मुलगा राजू गल्ल्यावर आला. राजू वाईट नव्हता, शिकलेला होता. त्याने एसी बसवला, कुरकुरणारा पंखा काढला, भिंतीवर मोठा टीव्ही लावला. जिल्ह्यातल्या द्राक्षांची वाइन उंच काचेच्या पेल्यांतून येऊ लागली. शेंगदाणे कांदा-टोमॅटो घालून बशीत येऊ लागले आणि त्यांना इंग्रजी नाव मिळालं. हॉटेलचं नावही त्याने बदललं, 'सीझन्स लाउंज'.

"मोसम म्हणजे सीझनच ना, पप्पा," तो म्हणाला.

"मोसम आमनी नदी शे," शेट म्हणाले. "नदीनं भाषांतर कोनी करस का?"

पण ते फार ताणून बोलले नाहीत. माझ्या जागी जमिनीपासून छतापर्यंत काळी काच आली. तिच्याखालून मुंगीसुद्धा जाणार नाही. आतल्याला बाहेरचं दिसत नाही, बाहेरच्याला आतलं. आता तिथे कोण बसतं आणि कोणाचं लेकरू कुठे वाट बघतं, हे कोणालाच ठाऊक नसतं. जुन्या मोसमबद्दल मी एवढं वाईट सांगितलं, तरी मला त्या खोलीची आठवण येते. तिथे निदान वहिनी आल्यात हे सगळ्यांना कळलं तरी होतं.

लंकाबाई सांगते, उपेंद्र एकदा नव्या काचेपाशी आले होते. पायात चप्पल होती. दारावरचा नवा गणवेशवाला म्हणाला, "सर, आज फक्त कपल्सना एंट्री आहे." उपेंद्रनी "बरं" म्हटलं आणि ते पुढच्या वळणावरच्या शटरच्या दुकानाकडे गेले. तिथे बसायलाही जागा नव्हती, उभ्यानेच घ्यायची. ओळखीचं कोणी नव्हतं. ग्लास खाली ठेव म्हणणारंही.

मी मागच्या अंगणात जनरेटरला टेकून पडलो होतो. वाळवी लागायला सुरुवात झाली होती. लंकाबाईने राजूला विचारलं, "हे घेऊन जाऊ का रे, भाऊ?" आणि मला हातगाडीवर घालून घरी नेलं. तिच्या ओट्यावर आता मी जमिनीला टेकून उभा आहे. तिचा नातू रांगत रस्त्यावर जाऊ नये म्हणून. साधंसं काम आहे, पण लेकरू ज्या बाजूला असायला हवं त्या बाजूला राहतं. मला यापेक्षा मोठं काही नको.

उत्तराचं घर समोरच्याच ओळीत आहे. त्यामुळे पुढचं मी स्वतः पाहिलं.

दोन हजार सातला उपेंद्रना कावीळ झाली. महिनाभर दवाखान्यात होते. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. परत आले ते अर्धे होऊन, पण तेव्हापासून त्यांनी दारूला हात लावलेला नाही. रोज साडेपाचला घरी येतात. घराबाहेर खुर्ची टाकून बसतात, भाजी निवडून देतात, लंकाबाईच्या नातवाचा चेंडू नाल्यात गेला की काढून देतात. कोणाला बोलवावं लागत नाही. आता ते आपले आपण उठतात.

अपूर्वा पुण्यात नोकरी करते. छान उंच आहे, असं सगळे म्हणतात. दर संध्याकाळी साडेसातला तिचा फोन येतो. परवा तो आला तेव्हा उत्तरा माझ्यापाशीच उभी राहून लंकाबाईशी बोलत होती.

"हो गं, जेवले," उत्तरा म्हणाली. मग पलीकडचं ऐकून, "हो. आले आहेत ना. केव्हाचेच आलेत."

"काय म्हनती?" लंकाबाईने विचारलं.

उत्तराने फोनवर हात ठेवला. "रोजचंच. बाबा घरी आले का, विचारते. चार वर्षं झाली ते घरी आहेत, मावशी. तरी रोज विचारते."

समोर खुर्चीत उपेंद्रनी ते ऐकलं. ते उठले, रस्ता ओलांडून आले आणि हात पुढे करून म्हणाले, "दे इकडे." फोन कानाला लावला. "अपू, मी बोलतोय. घरीच आहे मी. साडेपाचलाच आलोय." पलीकडून काहीतरी आलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बरं. देतो."

त्यांनी फोन उत्तराच्या हातात परत दिला. "तुला मागतेय," ते म्हणाले.

उत्तराने फोन घेतला. संध्याकाळ शांत होती आणि फोन जुना, मोठ्या आवाजाचा. पलीकडचं मला स्पष्ट ऐकू आलं.

"आई, खरं सांग. खरंच घरी आहेत ना?"

उपेंद्रनाही ऐकू आलं असावं. लंकाबाईच्या नातवाने माझ्या वरून हात बाहेर काढला होता, तो त्यांनी हळूच आत सारला आणि तिथेच उभे राहिले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं सांगून माझ्यासारखे निरोप घेतात. मला जपलं नाहीत तरी चालेल. लाकूड आहे मी, एक दिवस चुलीत जाईन. पण तुमच्यापैकी कोणाला रोज संध्याकाळी कुठल्यातरी दारापर्यंत जावं लागत असेल, तर एवढं ऐका. ते काम तुमचं नाही. तुम्ही हाक मारलीत म्हणून कोणी घरी आलं, यात तुमचं मोठेपण असेल, पण नाही आलं यात तुमचा काहीही दोष नाही. आणि ही गोष्ट तुम्हाला कोणी मोठं माणूस वाचून दाखवत असेल, तर त्याला एक विनंती आहे. लेकराने विचारायच्या आधी घरी या. नंतर कितीही लवकर आलात, तरी ते विचारतच राहतं.